बारावीनंतर बी.एस्सी. केमिस्ट्री, तीही सोलापुरात राहून : माहिती हवी आहे

शेळगी_आई

नमस्कार. मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली. पीसीएमबी ग्रुप होता. नीटचे मार्क सरकारी एमबीबीएसला पुरणारे नाहीत आणि वर्षभर थांबून परत द्यायची तिची तयारी नाही. ती म्हणते, मला केमिस्ट्रीच करायचीय, बी.एस्सी.ला घाला. हे ती निराश होऊन म्हणत नाही, एवढं मला आई म्हणून कळतं. अकरावीपासून घरात सगळ्यात जास्त झिजलेलं पुस्तक तेच आहे.

घरात मात्र कुणाला पटत नाही. मोठे दीर म्हणतात, कुठंच ॲडमिशन मिळाली नाही की बी.एस्सी. करतात. नणंद म्हणते डी.फार्म. करू दे, मेडिकल टाकून देऊ. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचं म्हणणं, तिला हवं ते शिकू दे, पण पुढं काय ते चार जाणत्या माणसांना विचार. म्हणून इथं लिहितेय.

तीन वर्षं नेमकं काय शिकवतात? सोलापुरात राहून केलं तर चालेल की पुण्याला पाठवावं? पुण्याचं हॉस्टेल आणि मेस आम्हाला जड जाईल. आणि मुलींना यात काम कसलं मिळतं?

सूतरंग

ताई, घाला पोरीला. सोलापुरात केमिस्ट्री कळणारी माणसं लई कमी हायेत आणि गरज रोज पडते. आत्ता बॅच चालू आहे, रात्री निवांत लिहितो.

बाळीवेस

माझं मत वेगळं आहे ताई. नुसती बी.एस्सी. करून आमच्या गल्लीतली पोरं आज फायनान्सच्या वसुलीला फिरतायत. बी.फार्म. चार वर्षांची आहे पण निदान हातात रजिस्ट्रेशन येतं. सीईटी दिली असेल तर विचार करा. केमिस्ट्री तिथंही भरपूर आहे, मुलीची आवड वाया जाणार नाही.

पोल_ब्रिक्स

बाळीवेस, तुमचं म्हणणं खोटं नाही. तीन वर्षं प्रॅक्टिकलला जर्नल उतरवून काढलं तर डिग्री असून नसल्यासारखीच. पण हात चालवून शिकलेल्याचं तसं होत नाही, हे मी रोज बघतो. मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री सोलापुरातूनच. काम कसं असतं ते सांगतो, मुलीला अंदाज येईल.

हंगाम सुरू झाला की रसाचे नमुने चोवीस तास येत राहतात. रसात विरघळलेलं सगळं मिळून किती टक्के, ते ब्रिक्स. त्यातली साखर किती, ते पोल. साखरेचा नमुना असेल तर २६ ग्रॅम तोलून १०० मिलीला करायचा, २०० मिमीच्या नळीत भरायचा आणि पोलॅरिमीटरला, म्हणजे प्रकाश किती अंश फिरतो ते मोजणाऱ्या यंत्राला, लावायचा. गढूळ असेल तर आधी लेड सबॲसिटेट टाकून गाळून घ्यायचा. पोलला ब्रिक्सने भागलं की प्युरिटी निघते, आणि साखर शिजवणाऱ्या पॅनवरचा माणूस त्या आकड्यावर पुढचं ठरवतो. लॅबचा आकडा चुकला तर पुढं सगळंच चुकत जातं.

आता यात केमिस्ट्री कुठं आहे? सुक्रोजचं द्रावण प्रकाशाचं प्रतल उजवीकडं फिरवतं. विशिष्ट वलन साधारण +६६.५ अंश. ऊस तोडून यार्डात उन्हात पडून राहिला की सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज उजवीकडंच फिरवतं, पण फ्रुक्टोज डावीकडं त्याहून जोरात फिरवतं. सगळं तुटलं तर मिश्रण साधारण −२० अंशांवर येतं. म्हणजे नळीतलं वाचन उतरायला लागलं की समजायचं, साखर वाहनातच चाललीय. आम्लात ही क्रिया किती वेगानं होते ते विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं १८५० साली याच पद्धतीनं मोजलं होतं. रासायनिक क्रियेचा वेग गणितात मांडण्याची ती सुरुवात मानतात. बी.एस्सी.च्या फिजिकल प्रॅक्टिकलला हाच प्रयोग असतो. तिथं पोरं कंटाळतात, आणि इथं कारखान्याचा साखर उतारा त्यावर ठरतो.

रस आम्लधर्मी राहिला तर साखर तुटते, म्हणून चुना. चुना जास्त झाला तर ग्लुकोज बिघडून रंग चढतो, म्हणून गंधकाचा वायू सोडून पीएच ७च्या आसपास आणायचा. हे सगळं तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कळेल.

पुढं वाढायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ची. साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे कोर्स आहेत, केमिस्ट्रीची पदवी तिथं उपयोगी पडते. आता बऱ्याच कारखान्यांना डिस्टिलरी आणि इथेनॉल जोडलंय, त्यामुळं तिकडंही केमिस्ट लागतात. दोष सांगायचा तर कारखाने गावापासून लांब असतात, काही ठिकाणी पगार थकतात आणि हंगामात रात्रपाळी चुकत नाही. मुली लॅबमध्ये आहेत, पण कमी. जाण्यायेण्याची सोय हा त्यातला खरा प्रश्न आहे.

शेळगी_आई

दादा, तुमचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. पोलॅरिमीटर खरंच हाताळायला मिळतो का, एवढंच विचारतेय ती. आणि तीन वर्षांची डिग्री आता चार वर्षांची झाली म्हणतात, ते काय आहे?

हिप्परगा_तलाव

मी सीनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते, म्हणून थोडं मोठं लिहिते.

आधी चार वर्षांचं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. केमिस्ट्री मेजर घेतली तर दुसरा एक विषय मायनर असतो. तुमच्या मुलीकडं बारावीला गणित आहे ना? मग कॉलेज देत असेल तर मायनर गणितच घेऊ द्या. हे मी प्रत्येक पालकाला सांगते. केमिस्ट्री म्हणजे समीकरणं पाठ करायची असं समजून मुलं येतात. दुसऱ्या वर्षी क्रियेच्या वेगाचं समीकरण इंटिग्रेट करायची वेळ आली, श्रोडिंजर आला, की बिचारी गडबडतात. गणित असलेल्या मुली तिथं निवांत असतात.

काय शिकवतात? इनऑर्गॅनिक, ऑर्गॅनिक, फिजिकल हे तीन मोठे भाग, आणि पुढं ॲनालिटिकल. पुस्तकात ते वेगवेगळे दिसतात, पण बाहेर एकत्रच भेटतात. एक उदाहरण देते. फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. त्यांचे बॉयलर सुपरक्रिटिकल आहेत. पाण्याचा क्रांतिक बिंदू सुमारे ३७४ अंश सेल्सिअस आणि २२१ बार. त्याच्या वर पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही. पहिल्या वर्षी फळ्यावर काढतो तो फेज डायग्राम हाच. आणि अशा बॉयलरमध्ये पाण्यात क्षार किंवा सिलिका राहिली तर ती थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. म्हणून पाणी जवळजवळ पूर्ण शुद्ध ठेवायला तिथं केमिस्ट लागतात. त्या पदांना सहसा एम.एस्सी. मागतात, हेही लक्षात असू द्या.

सोलापूर की पुणे? पहिल्या पदवीपुरतं मी सोलापूर म्हणेन. दयानंद १९४०चं कॉलेज आहे, संगमेश्वर १९५३चं, वालचंद आहे. २००४ला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत इथल्या मुलांची डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असायची. याच कॉलेजांतून शिकून माणसं मोठमोठ्या संशोधन संस्थांत गेलीत. बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखाच असतो. फरक पडतो तो लॅबमध्ये.

म्हणून ॲडमिशनच्या आधी मुलीला घेऊन कॉलेजची लॅब बघून या. लाजू नका, विचारा. एका बॅचला किती मुलं? प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट मिळते की चौघांत एक? फ्यूम हूडचा पंखा चालतो का? डिस्टिल्ड वॉटर रोज तयार होतं का? पोलॅरिमीटर, कंडक्टोमीटर, पीएच मीटर कपाटात आहेत की टेबलावर? आणि जागा अनुदानित तुकडीतली आहे की विनाअनुदानित, हे ऑफिसात विचारायचंच. फीमध्ये मोठा फरक पडतो.

लॅबबद्दल मला इतकं का वाटतं ते सांगते. सॉल्ट ॲनालिसिसला नळीत पांढरा साका येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा की लेड क्लोराइडचा, ते पुस्तक वाचून ओळखता येत नाही. गरम पाण्यात विरघळला तर लेड, अमोनियात विरघळला तर सिल्व्हर. मुलगी ते स्वतः करते, आणि त्यानंतर ती कुणाच्याही सांगण्यावर चटकन विश्वास ठेवत नाही, आधी तपासून बघते. ही सवय लागावी म्हणून मी हे शिकवते. जर्नल दुसऱ्याचं बघून भरणाऱ्या मुलांकडं बघून माझा जीव तुटतो, कारण तीन वर्षांनी त्यांच्या हातात खरंच काही नसतं.

शिकवण्याच्या नोकरीबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. एम.एस्सी., नेट किंवा सेट झाल्यावरही कायम जागा निघायला वर्षं जातात. तेवढ्या एका आशेवर हा विषय घेऊ नये.

क्यूसी_लॅब

ताई, मी चिंचोली एमआयडीसीत बल्क ड्रगच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्या लॅबमध्ये मुली भरपूर आहेत.

मेडिकल टाकायचं म्हणत असाल तर फार्मसीच करावी लागेल, बी.एस्सी.वर ते लायसन्स मिळत नाही. पण औषध बनवण्याच्या बाजूला चित्र वेगळं आहे. औषध नियमांत उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञ माणसाची पात्रता दिलीय, त्यात फार्मसी पदवीधराला १८ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षांचा. म्हणजे दार बंद नाही, जरा उशिरा उघडतं.

क्यूसीत आलेला कच्चा माल आधी तपासायचा. आयआर स्पेक्ट्रम घेऊन खरंच तोच पदार्थ आहे का, कार्ल फिशरवर पाणी किती, एचपीएलसीवर शुद्धता किती आणि नको असलेली भेसळ किती. ही यंत्रं बहुतेक मुलींनी कॉलेजात नीट हाताळलेली नसतात. आम्ही शिकवतो, त्याचं काही नाही. पण ज्या मुलीला पिपेट धरता येत नाही, मोलॅरिटीचा हिशोब कागदावर मांडता येत नाही, ती इंटरव्ह्यूतच अडकते. इंटरव्ह्यूला काय विचारतात? ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड कसं बनवशील आणि ते बरोबर बनलं हे कशावरून सांगशील. एवढंच. निम्मे लोक दुसऱ्या अर्ध्याला थांबतात.

अजून एक. नोंद पेनानंच करायची, खाडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आकडा मनाने घालणं हा आमच्याकडं सगळ्यात मोठा गुन्हा. जर्नलबद्दल मॅडमनी जे लिहिलंय ते म्हणूनच मला फार पटलं.

सुरुवातीचा पगार कमी असतो, खोटं कशाला सांगू. दोनतीन वर्षं टिकून हात बसला की वाढतो, आणि मग पुणे, हैदराबाद, कुठंही जाता येतं. शिफ्ट आणि बस याबद्दल रुजू होण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.

बाळीवेस

नियमातली ही पात्रता मला माहीत नव्हती. बरं झालं लिहिलंत.

सूतरंग

आता बसलो निवांत.

माझं अक्कलकोट रोडला डाईंग आहे. वडिलांपासूनचं. चादर आणि टॉवेलचं सूत रंगवतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, रंगाचं ज्ञान बापाकडून पोराकडं आलं, पुस्तकातून नाही. वडील बाथमध्ये काडी घालून, वास घेऊन सांगायचे, हायड्रो (रंग विरघळवायला घालतो ते हायड्रोसल्फाइट) कमी झालंय. बरोबर निघायचं. पण का कमी झालं ते सांगता यायचं नाही. माझा पुतण्या बी.एस्सी. केमिस्ट्री झाला आणि त्यानं ते का सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडं खराब लॉट कमी निघतात.

व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक आणि हायड्रो घातलं की त्याचं क्षपण होऊन तो विरघळतो आणि सुताला धरतो. मग हवेत काढला की परत ऑक्सिडाइज होऊन सुताच्या आतच अडकून बसतो, म्हणून धुऊन जात नाही. जेड ग्रीनची लडी बाथमध्ये निळी दिसते, बाहेर काढून हवा लागली की बघता बघता हिरवी होते. नवीन कामगार पहिल्यांदा बघतो तेव्हा हातातलं काम सोडून उभा राहतो. मी इतकी वर्षं बघतोय, मला अजून आवडतं.

पुतण्यानं काय केलं? पहिल्यांदा बोअरचं पाणी तपासलं. ईडीटीए घालून टायट्रेशन, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचं. पाणी लई कठीण निघालं. कॅल्शियम-मॅग्नेशियम रंगाला साबणासारखं फाडतं, डाग पडतात. आम्ही आजवर रंग देणाऱ्याला शिव्या घालत होतो. दुसरं म्हणजे हायड्रोच्या ड्रमचं झाकण. ओल लागली की ते आपोआप बिघडतं, तापतं, पेटूही शकतं. आमच्यात पावसाळ्यात ड्रम उघडाच असायचा.

आणि परदेशात माल पाठवायचा तर केमिस्ट पाहिजेच. काही ॲझो रंग तुटून कॅन्सर करणारे अमाइन निघतात, म्हणून जर्मनीनं १९९४ला बंदीचा कायदा केला, पुढं १९९७ला आपल्याकडंही तसे रंग बंद झाले. टॉवेल निर्यात करणाऱ्या सगळ्यांना तेव्हा रंगांची नावं नव्यानं शिकावी लागली. के. वेंकटरामन म्हणून रंगरसायनांचे मोठे शास्त्रज्ञ होते, पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, पहिले भारतीय संचालक. रंगाचा अभ्यास करून माणूस तिथंपर्यंत पोचतो, हे पोरीला सांगा.

ताई, तुमचे मिस्टर टॉवेलमध्येच आहेत. एक दिवस पोरीला घेऊन या दोघं. दाखवतो सगळं.

जॅमवाला

काकू, मी सोलापुरातूनच बी.एस्सी. केली, आता आयआयटीत एम.एस्सी.ला आहे. त्यासाठी दर फेब्रुवारीत जॅम ही प्रवेश परीक्षा असते. ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा काढून टाकावा लागतो, तिथं अंदाज चालत नाही. तयारी दुसऱ्या वर्षापासून शांतपणे करावी. क्लास नसला तरी चालतं, जुने पेपर संस्थांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आयआयटीतली एम.एस्सी. झाली की पीएच.डी., नेट, कंपन्यांची संशोधन केंद्रं, सगळीकडं वाट असते. जॅम नाही निघाली तरी केगावला आपल्या विद्यापीठात एम.एस्सी. आहे, ती चांगली करणारेही पुढं जातात.

इंग्रजीचं एक बोलतो. आमच्या वर्गात मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला घाबरून गप्प बसायची. तिला सांगा, पहिले सहा महिने मराठीत समजून घे आणि इंग्रजीत लिही. केमिस्ट्रीच्या इंग्रजीला शब्द थोडेच लागतात, तेच तेच परत येतात.

शेळगी_आई

सगळ्यांचे आभार. काल आम्ही तिघं सूतरंग दादांच्या डाईंगला जाऊन आलो. लडी निळीची हिरवी झालेली पोरीनं दोनदा बघितली आणि सगळ्यांना प्रश्न विचारून विचारून दमवलं. मोठ्या दिरांना हा धागा वाचायला दिलाय. अजून काही बोलले नाहीत, पण परवा लॅब बघायला स्वतः येतो म्हणालेत.

तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहिते. "पोल_ब्रिक्स काका म्हणाले, साखर तुटून ग्लुकोज होतं. ग्लुकोज फेलिंगच्या द्रावणाचं क्षपण करतं, हे आम्हाला बारावीला होतं. मग हायड्रोच्या जागी ग्लुकोज घातलं तर व्हॅट रंग विरघळेल का?"

हिप्परगा_तलाव

फार चांगला प्रश्न. कॉस्टिकमध्ये गरम केलं तर ग्लुकोज क्षपण करतं. सल्फर रंगांसाठी ते वापरतातही. व्हॅट रंगांना हायड्रोपेक्षा जास्त तापमान लागेल आणि वेळही. पूर्वी नीळ रंगवताना माठात गूळ घालून आंबवायचे, तिथं क्षपणाचं काम जिवाणू करायचे. साधी साखर घालून होणार नाही, सुक्रोज स्वतः क्षपण करत नाही. आधी तिला आम्लात तोडावी लागेल. तापमान बदलत तीनचार छोट्या बीकरमध्ये करून बघण्यासारखं आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

सूतरंग

सूत आणि रंग माझ्याकडनं. शनिवारी दुपारी बाथ रिकामा असतो.

क्यूसी_लॅब

गरम कॉस्टिक आहे. डोळ्याला चष्मा आणि हातात ग्लोव्हज असल्याशिवाय तिला पुढं येऊ देऊ नका. चष्मा माझ्याकडं जास्तीचा आहे, पाठवते.

पोल_ब्रिक्स

ग्लुकोज विकत आणायच्या आधी मळीवर करून बघा. तिच्यात तुटलेली साखर आयतीच असते. हंगाम संपलाय, पण नमुन्याची बाटलीभर देता येईल. फक्त मळी काळी असते, तिचाच रंग सुताला लागला तर निकाल फसेल. म्हणून एक लडी रंग न घालता, नुसत्या मळी आणि कॉस्टिकमध्ये तेवढाच वेळ उकळून बाजूला ठेवायची.